काकींना वाचता येईल अशी चिठ्ठी

मालवणात आमची बारा टेबलांची खाणावळ आहे. सासूबाईंनी ती घराच्या पडवीत सुरू केली, आता गल्ल्यावर मी बसते. गेल्या वर्षापर्यंत सगळा कारभार कार्बनच्या वहीवर चालायचा. वाढपी मुलगा ऑर्डर लिहायचा, वरची चिठ्ठी आत स्वयंपाक करणाऱ्या काकींकडे, खालची माझ्याकडे. काकी चिठ्ठी वाचून चुलीशेजारच्या खिळ्याला टोचायच्या आणि ताट बाहेर गेलं की काढून टाकायच्या.

एरवी काही अडत नसे. पण नाताळच्या आठवड्यात किल्ला बघून परतलेली माणसं एकदम येतात. मग दुसऱ्यांदा मागितलेली सोलकढी, जादा वडे, शेवटी घेतलेली सुरमईची तुकडी तोंडीच आत सांगितली जाते आणि बिलात येत नाही. एका रात्री सोलकढीचं पातेलं रिकामं झालेलं, आणि बिलांवर तिच्या निम्म्या वाट्याही नव्हत्या. दिवसभर नारळ खोवणाऱ्या बाईच्या कष्टाचे ते पैसे होते. त्याच रात्री बिलाचं मशीन घ्यायचं ठरवलं.

बिलिंगवाल्यांचा माणूस एक टॅबलेट, वाढप्यांसाठी दोन मोबाइल आणि दोन थर्मल प्रिंटर घेऊन आला. एक प्रिंटर गल्ल्यावर, एक स्वयंपाकघरात. मेनू भरायला दोन दिवस लागले. प्रत्येक पदार्थाला एक ठरलेला दर द्यायचा, अशी त्याची रीत. आमच्याकडे मासळीचा दर बंदरावरचा लिलाव ठरवतो. आज सुरमई ज्या भावाने मिळाली त्या भावाने उद्या मिळेलच असं नाही. शेवटी मासळीच्या थाळ्यांचा वेगळा गट केला. रोज सकाळी त्यांचे दर मी बदलते आणि ते बदलायचा पिन फक्त माझ्याकडे आणि सासूबाईंकडे आहे.

खरी लढाई झाली स्वयंपाकघरातल्या चिठ्ठीवरून. पहिली चिठ्ठी बाहेर आली ती इंग्रजीत. काकींनी ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली आणि माझ्या हातात दिली. "माका मराठीत दी गो," एवढंच म्हणाल्या. मी मेनूतली नावं मराठीत भरली, तर कागदावर नुसते चौकोन उमटले. तो माणूस म्हणाला, इंग्रजीच ठेवा, पंधरा दिवसांत सवय होईल. मी ठाम नाही म्हटलं. जिच्या हातच्या चवीसाठी लोक येतात तिला चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली, तर ते मशीन माझ्या कामाचं नाही.

कारण विचारल्यावर कळलं ते असं. अशा बऱ्याच प्रिंटरांत अक्षरं आधीच बसवलेली असतात आणि त्यांत देवनागरी नसते. मराठी छापायचं तर सगळी चिठ्ठी चित्र म्हणून तयार करून पाठवावी लागते. ती सोय त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये होती, फक्त बंद ठेवलेली, कारण चित्र छापायला जरा जास्त वेळ लागतो. चालू केल्यावर पहिल्या चिठ्ठ्यांत वरच्या मात्रा कापल्या जात होत्या, 'कोळंबी'ची 'काळंबी' झाली. ओळींतलं अंतर वाढवलं, अक्षर मोठं केलं. मग काकींनी स्वतः सांगितलं काय कुठे हवं ते: टेबल नंबर सगळ्यात वर, आकडा पदार्थाच्या आधी, आणि 'भात नको', 'तिखट कमी' असलं काही असेल तर ते काळ्या पट्टीत पांढऱ्या अक्षरांत. "नको म्हणलेला आधी दिसाक व्हया," असं त्यांचं म्हणणं, आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. वीस वर्षं चुलीपुढे उभ्या राहिलेल्या बाईला जे ठाऊक होतं ते त्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी घातलं नव्हतं.

प्रिंटरची जागाही त्यांनीच बदलायला लावली. आधी तो चुलीजवळच्या फळीवर होता. थर्मल कागदावर शाई नसते, उष्णतेनेच तो काळा होतो. तिथल्या धगीने अख्ख्या चिठ्ठ्या करड्या पडायच्या. आता तो दाराच्या चौकटीशी आहे.

कराची चूक मात्र मलाच सापडली, दुसऱ्या दिवशी. प्रत्येक बिलाखाली सीजीएसटी अडीच टक्के, एसजीएसटी अडीच टक्के. आम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या योजनेत आहोत. उलाढालीवर ५ टक्के कर आम्ही आमच्या खिशातून भरतो, गिऱ्हाइकाकडून तो घेता येत नाही. आमच्या कागदावर 'बिल ऑफ सप्लाय', म्हणजे कर न लावलेलं बिल, असं हवं आणि कर घेण्यास पात्र नाही हे वर छापलेलं हवं. पहिल्या दिवशी जास्त घेतलेले पैसे ज्यांचे नंबर होते त्यांना मी परत पाठवले. छोटी खाणावळ चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिलं बिल छापलं की आधी त्याचा तळ वाचा. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्य परवान्याचा, १४ आकडी नंबरही तिथे आहे ना, तेही बघा. २०२२ पासून तो बिलावर सक्तीचा आहे.

मग आला तो डिसेंबरातला रविवार. सगळी टेबलं भरलेली, वीज पाच मिनिटं गेली आणि आली. मोबाइलवर ऑर्डरी जात होत्या, वाढपी निर्धास्त. वीस मिनिटांनी काकी बाहेर आल्या आणि विचारलं, आज कोणी जेवायला आलं नाही का? आत एकही चिठ्ठी निघाली नव्हती. वीज आल्यावर राउटरने प्रिंटरला नेटवर्कवरचा नवा पत्ता दिला होता आणि टॅबलेट जुन्याच पत्त्यावर चिठ्ठ्या पाठवत होता. मुलांबाळांना घेऊन बसलेली माणसं ताटकळली, दोन कुटुंबं उठून गेली. त्यांना रस्त्यापर्यंत जाऊन मी माफी मागितली. त्या रात्री फोनवर बसून प्रिंटरचा पत्ता कायमचा पक्का करून घेतला, राउटर आणि दोन्ही प्रिंटर इन्व्हर्टरवर घेतले. कार्बनची वही मात्र गल्ल्याच्या खणात अजून ठेवलेली आहे.

हिशोबाचं सांगायचं तर बिलावरच रकमेसकट क्यूआर छापला जातो, त्यामुळे १५२० च्या जागी १२५० भरले असं आता होत नाही. रात्री रोख, यूपीआय, कार्ड यांची बेरीज दहा मिनिटांत जुळते. पूर्वी अकरा वाजायचे.

१ जूनला मासेमारी बंद झाली, तेव्हा सुरमई, सरंगा, बांगडा एकेक करून मी मेनूतून बंद केले आणि सुक्या मासळीचे पदार्थ भरायला बसले. काकी मागे उभ्या राहून बघत होत्या. 'किसमुर' लिहिलं तर म्हणाल्या, मु दीर्घ. दुरुस्त करून चाचणीची चिठ्ठी काढली. त्यांनी ती वाचली, फाडली आणि चुलीशेजारच्या त्याच खिळ्याला टोचली.