भुवई कापली नव्हती, फाटली होती

संक्रांतीच्या दोन दिवस आधी तुकडोजी पुतळ्याजवळच्या वळणावर माझी स्कूटी गिट्टीवरून घसरली. हेल्मेट होतं, पण हँडलला लटकवलेलं. (यावर घरी पुरेसं ऐकून झालंय.) डावी भुवई दुभाजकाच्या कठड्यावर आदळली. ज्या मुलानं उचललं त्याचा पहिला प्रश्न, "मांजा होता का, ताई?" नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्येच बंदी घातली आहे, पण जानेवारीत नागपुरात दुचाकीवरचं माणूस रक्तबंबाळ दिसलं की कोणाला दुसरं काही सुचत नाही.

दवाखान्यात टाके घालायच्या आधी मी घाबरत विचारलं, "भुवई भादरणार का?" डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "मुळीच नाही. ती नीट परत येईलच असं नसतं, आणि दोन्ही कडा जुळवायला मला केसांचीच रेघ लागते." पाच टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, डोक्याला मार म्हणून सीटी स्कॅन आणि एक रात्र मुक्काम. कागदावर लिहिलं होतं 'सीएलडब्ल्यू, 3 सेंमी'. मी तो कागद फाइलीत टाकला आणि विसरले.

विम्याच्या अर्जात 'अपघाताचं वर्णन स्वतःच्या शब्दांत' असा रकाना होता. मी लिहिलं, 'पडल्यामुळे भुवईवर कापले.' आपण असंच बोलतो ना? तेवढ्यावरून फाइल परत आली. तिथल्या भाऊंनी फोटो समोर धरला. "मॅडम, ब्लेड मारल्यासारखी सरळ रेघ दिसून राहिली. तुम्ही लिहिता कापलं, डॉक्टर लिहितात फाटलं. कशानं झालं नेमकं?" म्हणजे मारामारी तर नव्हती ना, असा तो प्रश्न होता. आधी राग आला, मग लक्षात आलं की शंका माझ्याच शब्दानं निर्माण केली आहे.

टाके पाचव्या दिवशीच निघाले होते, तरी मी पुन्हा डॉक्टर मॅडमकडे गेले. सीएलडब्ल्यू म्हणजे कन्ट्यूज्ड लॅसरेटेड वूंड, त्यांनी सांगितलं. यातल्या 'लॅसरेटेड'च्या मूळ लॅटिन धातूचा अर्थच मुळी फाडणं. धारेनं होते ती कापलेली जखम, तिच्या कडा स्वच्छ असतात. बोथट वस्तूचा मार बसून कातडी चेंदते आणि फाटते ते लॅसरेशन. भुवई, डोकं, नडगी इथं कातडीखाली लगेच हाड असतं. हाड आणि आदळणारी वस्तू यांच्या मध्ये सापडलेली कातडी उसवल्यासारखी सरळ फाटते आणि वरून बघणाऱ्याला सुरी वाटते. "मी भिंगातून पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "कडा ठेचलेल्या होत्या, केस धारेनं कापलेले नव्हते, मुळाशी चिरडलेले होते. आणि तळाशी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे बारीक धागे गेलेले होते. सुरीनं ते धागे राहत नाहीत, तुटतातच." गंमत म्हणजे खुद्द डॉक्टरसुद्धा घाईत टाके लागणाऱ्या कुठल्याही जखमेला लॅसरेशन म्हणून मोकळे होतात. कोर्टकचेरीच्या कागदावर मात्र हा ढिलेपणा चालत नाही. शिवाय हा शब्द कातडीपुरता नाही. पोटावर मार बसून यकृत फाटलं, तरी रिपोर्टात लॅसरेशनच लिहितात.

त्यांनी दोन ओळींचा खुलासा लिहून दिला. आता माझं निवेदन मराठीत नव्यानं टाइप करायचं होतं. कोर्टाजवळच्या टायपिस्टकाकांनी आपल्या मनानं 'विदीर्ण जखम' टाकलं. शब्द चुकीचा नव्हे, विदीर्ण म्हणजे फाटलेलंच, पण विम्याच्या भाऊंनी वाचून विचारलं, "हे काऊन लिहिलं? म्हणजे काय?" परत टायपिस्टकडे.

शेजारच्या वैद्यकाकांना हे सांगितलं तर ते खुश झाले. सुश्रुतानं बाहेरच्या माराच्या जखमांचे सहा प्रकार केलेत: छिन्न (कापलेलं), भिन्न (भोसकलेलं), विद्ध (टोचलेलं), क्षत, पिच्चित (चेंदलेलं), घृष्ट (खरचटलेलं). "तुझं क्षत," काका म्हणाले. "धड कापलेलं नाही, धड भोसकलेलं नाही, दोन्हींची थोडी थोडी लक्षणं, आणि वेडंवाकडं." आपण 'क्षतविक्षत' म्हणताना यातलं काही मनात असतं का कुणास ठाऊक. आईनं तर पहिल्याच दिवशी बघून म्हटलं होतं, "बाप्पा, केवढी खोक पडली!" खोक! आपटून डोकं फुटलं की खोक पडली असंच म्हणतो आपण. इतका नेमका शब्द घरात असताना मी अर्जात 'कापले' लिहून आले होते.

शेवटी निवेदनात गेलं ते असं: 'दुभाजकाच्या कठड्यावर आपटून डाव्या भुवईवर खोक पडली, कातडी फाटली, धारदार वस्तूचा संबंध नाही.' यावर कोणी काही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी पैसे जमा झाले. हातमोजे, पट्ट्या, सिरिंज यांचे तेवढे पैसे विमावाल्यांनी दिले नाहीत. ते मात्र खरोखरच कापले.