डंजनेस: डेरेक जारमनच्या बागेपर्यंतचे चार किलोमीटर

इंग्लंडच्या केंट परगण्यात, दक्षिण टोकाला असलेल्या डंजनेसचे वर्णन ‘ब्रिटनमधील एकमेव वाळवंट’ असे इतक्या ठिकाणी छापलेले आढळते की लंडनहून निघालेला माणूस कोरड्या हवेची आणि मोकळ्या वाळूची अपेक्षा धरूनच तेथे पोहोचतो. प्रत्यक्षात तेथे पाऊस पुरेसा पडतो, ब्रिटिश हवामान खात्याने वाळवंटाचा हा दावा फेटाळलेला आहे, आणि ब्रिटनमधील वनस्पतींच्या जातींपैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे सहाशेच्या आसपास जाती, या एका भूशिरावर उगवतात. वाळू तेथे नावापुरतीच आहे. आहेत ते चकमकीच्या दगडाचे गोटे, लाखो टन, आणि ते पायाखाली सरकतात. जारमनची पुस्तके वाचून आणि चित्रपट पाहून येणाऱ्याला या गोट्यांबद्दल कोणी बजावत नाही, म्हणून या वृत्तांताचा मोठा भाग त्यांनाच दिलेला आहे.

जारमन चित्रकार, चित्रपट दिग्दर्शक आणि लेखक होता. १९७१ मध्ये त्याने सुपर-८ कॅमेऱ्यावर ‘जर्नी टू ॲव्हबरी’ हा लहानसा चित्रपट केला; त्यात विल्टशरमधील शेते, वाटा आणि प्राचीन उभे दगड यांखेरीज फारसे काही नाही. १९८६ च्या डिसेंबरात एचआयव्हीचे निदान झाले, आणि त्याच सुमारास वडिलांकडून मिळालेल्या पैशांतून त्याने डंजनेस येथील ‘प्रॉस्पेक्ट कॉटेज’ हे कोळ्याचे काळे लाकडी घर ३२ हजार पौंडांना विकत घेतले. घराभोवतीची बाग, तेथे लिहिलेली आणि १९९१ मध्ये ‘मॉडर्न नेचर’ या नावाने प्रसिद्ध झालेली रोजनिशी, आणि त्याच परिसरात चित्रित झालेला ‘द गार्डन’ (१९९०) हा चित्रपट ही तिन्ही कामे एकाच जमिनीतून आलेली आहेत. ती जमीन पाहावी, एवढाच माझ्या प्रवासाचा हेतू होता.

लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकावरून ॲशफर्डपर्यंतचा वेगवान गाडीचा प्रवास जेमतेम पाऊण तासाचा आणि सुखाचा आहे. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. ॲशफर्डहून पुढे मात्र स्थानकाबाहेरच्या टॅक्सीवाल्याने परतीच्या रिकाम्या फेरीचेही पैसे लावले आणि ते उतरण्याच्या क्षणी सांगितले. बसण्यापूर्वी एकूण रक्कम ठरवून घ्यावी, किंवा सरळ किनाऱ्याची बस धरावी. हाइथहून डंजनेसपर्यंत येणारी १५ इंची रुळांची छोटी रेल्वे १९२७ पासून चालू आहे आणि ती सर्वांत स्वस्तात आनंद देते, पण ती रोज धावत नाही. हिवाळ्यात तिच्या भरवशावर निघूच नये.

बहुतेक प्रवासलेख डंजनेसच्या जोडीला ग्रेटस्टोनजवळचे ‘ध्वनी-आरसे’ सुचवतात. रडार येण्यापूर्वी, १९२८ ते १९३० या काळात, समुद्रावरून येणाऱ्या विमानांचा आवाज गोळा करून आगाऊ सूचना मिळावी म्हणून उभारलेल्या या काँक्रीटच्या तीन प्रचंड रचना आहेत. त्यांच्यापर्यंत जाता येते, असेच लेख वाचून वाटते. वस्तुतः त्या पाण्याने वेढलेल्या बेटावर आहेत, तेथे जाणारा फिरता पूल वर्षातील ठरावीक खुल्या दिवसांखेरीज बंद असतो, आणि इतर वेळी त्या तळ्याच्या अलीकडच्या काठावरून पाहाव्या लागतात. खुला दिवस नसेल तर हा भाग वगळावा, असा माझा निःसंदिग्ध सल्ला आहे.

मी तो वगळला नाही, आणि तेथूनच त्या चार किलोमीटरांना सुरुवात झाली. ‘आरशांपासून समुद्रकाठाने रमतगमत जारमनच्या घरापर्यंत’ हे वाक्य ज्याने लिहिले, त्याने तो काठ चालून पाहिलेला नाही, याची मला खात्री आहे. ओहोटीच्या वेळी आरंभी वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि चालणे सोपे वाटते. दक्षिणेकडे सरकावे तसा तो संपतो आणि गोट्यांचा उतार सुरू होतो. कोकणच्या पुळणीवर वाढलेल्या माणसाला हा अनुभव अपरिचित आहे, कारण वाळू निदान पावलाला धरून ठेवते, तर येथे पुढे टाकलेल्या पावलातला काही भाग प्रत्येक वेळी मागे आणि समुद्राच्या बाजूला घसरतो. पोटऱ्या आणि घोटे यांवर सर्व भार येतो. त्यात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून असल्यामुळे दक्षिणेकडे चालणाऱ्याच्या तो तोंडावर बसतो. येथील कोळी पूर्वी बुटांखाली लाकडी फळ्या बांधून या गोट्यांवरून चालत असत, ही माहिती मला नंतर मिळाली. ती आधी मिळाली असती तर मी कोणत्याही लेखावर विश्वास ठेवला नसता. सपाट तळव्याचे कापडी बूट येथे पूर्णपणे निरुपयोगी आहेत. ज्यांना चालायचेच आहे त्यांनी गावातून जाणारा डांबरी रस्ता धरावा, आणि शक्य असल्यास डंजनेसकडून उत्तरेला चालावे, म्हणजे वारा पाठीशी राहतो. झुडपे आणि शेवाळ यांवरून मात्र आडवाटेने जाऊ नये, कारण तुडवलेली गोट्यांवरची वनस्पती भरून यायला दशके लागतात.

घराच्या आत जायचे असेल तर मोजक्याच दिवशी होणाऱ्या लहान गटांच्या फेरीत आगाऊ नोंदणी करावी लागते. जारमन १९९४ मध्ये गेला. २०२० मध्ये लोकवर्गणीतून ३५ लाख पौंड उभे राहिले, म्हणून हे घर खासगी विक्रीतून वाचले. बाग बाहेरून केव्हाही दिसते, कारण तिला कुंपण नाही. आपल्या बागेची सीमा क्षितिज आहे, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. गोट्यांत खड्डे करून, त्यांत खत भरून त्याने रोपे लावली, किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडे आणि गंजलेले लोखंड रोवले, आणि लांबट चकमकीचे दगड वर्तुळात उभे केले. ॲव्हबरीचा तो लहानसा चित्रपट पाहिलेल्याला हे दगड लगेच ओळखू येतात. दमलेल्या पायांचा मला या ठिकाणी पूर्ण विसर पडला, आणि त्याच उत्साहात सांगतो की लंडनमधील एखाद्या संग्रहालयाचा दिवस कमी करावा, पण ही बाग जूनच्या आसपास, समुद्री कोबी फुललेली असताना, पाहावी. आसपासच्या घरांत आजही लोक राहतात, तेव्हा खिडक्यांतून डोकावू नये.

‘द गार्डन’ चित्रपटात मागे सतत दिसणारे अणुवीजकेंद्र या भूमीच्या इतिहासाबाहेरचे नाही. पहिले केंद्र १९६५ मध्ये सुरू झाले, दुसऱ्यातील वीजनिर्मिती २०२१ मध्ये थांबल्याचे जाहीर झाले, आणि १९०४ च्या जुन्या दीपगृहाचा प्रकाश या इमारतींमुळे झाकला जाऊ नये म्हणून १९६१ मध्ये नवे दीपगृह बांधावे लागले. समुद्र गोटे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहून नेतो, म्हणून केंद्राच्या रक्षणासाठी ते मालमोटारींत भरून पुन्हा पश्चिमेला आणून टाकावे लागतात. रोजनिशीतील ‘निसर्ग’ हा शब्द वाचताना या मालमोटारी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या दीपगृहाच्या १६९ पायऱ्या, ते उघडे असल्यास, चढाव्यात: गोट्यांच्या ओळी समुद्राने एकामागून एक कशा रचल्या हे वरूनच समजते, काठाने चालून समजत नाही.

जारमनची कबर ओल्ड रोम्नी येथील सेंट क्लेमेंट चर्चच्या आवारात आहे. काळ्या शिळेवर केवळ त्याची स्वाक्षरी कोरलेली आहे. चर्चच्या आतील गुलाबी बाके एका जुन्या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी रंगवलेली आहेत, आणि गावकऱ्यांनी तो रंग तसाच ठेवला. डंजनेसहून तेथे पायी जाण्याचा विचार करू नये. वाहनांचा वेग मोठा आहे. परतीच्या वाटेवर थांबण्याचे टॅक्सीवाल्याशी आधीच ठरवावे, आणि थांबण्याच्या वेळेचे पैसे एकूण रकमेत धरले आहेत का, हे मोकळेपणाने विचारावे.