तुम्ही विचारलंत म्हणून: लोकरीचा पहिला बदाम

"क्रोशे नुकतंच शिकतेय. पहिलं खेळणं म्हणून छोटा बदाम (पत्त्यांतल्यासारखा, हृदयाच्या आकाराचा) घेतला तर जमेल का?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. ज्यांनी आधीच विणून पाहिलाय त्यांचा प्रश्न वेगळा असतो: "वरचे दोन फुगे जोडले तिथे मधे भोक पडलं आणि खालचं टोक एका अंगाला गेलं. कुठे चुकलं?" दोन्हींचं उत्तर एकत्रच देते, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आहे.

जमेल. पहिलं खेळणं म्हणून मी चेंडूपेक्षा बदामच सांगते. चेंडूत टाके वाढवणं आणि कमी करणं एवढंच येतं. बदामात दोन वेगळे विणलेले तुकडे एका फेरीत जोडणंही येतं. पुढे बाहुली किंवा अस्वल करायला घ्याल तेव्हा दोन पाय विणून त्यांवर धड चढवायचं असतं, ती हीच जोडणी. बदामात अवघड जागा ही एकच. बाकी सगळं हात आपोआप शिकतो, या फेरीला मात्र डोळे आणि बोटं दोन्ही लागतात.

आधी सामान. लोकर मध्यम जाडीची घ्या. ॲक्रिलिकही चालते आणि हल्ली सगळीकडे मिळणारं मिल्क कॉटनही. पहिल्यांदा फिका रंग निवडा. बदाम म्हटलं की सगळे लाल किंवा मरून उचलतात, पण गडद लोकरीत संध्याकाळच्या दिव्यात टाका दिसत नाही आणि ज्याला अजून टाका ओळखायची सवय नाही त्याची पंचाईत होते. गुलाबी, पिवळा, आकाशी, काहीही घ्या. काळा आणि गडद लाल दुसऱ्या बदामासाठी ठेवा. साधारण पंधरा-सोळा मीटर लोकर लागते, म्हणजे दहा ग्रॅमच्या आतच. ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून किंवा वाशी-नेरूळच्या लेस-बटणांच्या दुकानातून एक गुंडा आणलात तर त्यात कितीतरी बदाम होतील, त्यामुळे एखादा बिघडला तरी जीव टांगणीला लागत नाही.

हुक ३ मि.मी.चा. लोकरीच्या लेबलवर बहुतेक ४ किंवा साडेचार लिहिलेलं असतं, ते शाल-स्वेटरसाठी. खेळण्याला वीण घट्ट हवी, नाहीतर आतलं भरण टाक्यांमधून डोकावतं. उलट टोकाची चूक म्हणजे आजीच्या डब्यातला स्टीलचा बारीक हुक घेणं. तो रुमालाच्या लेससाठी आणि दोऱ्याच्या तोरणांसाठी असतो. त्यात लोकर बसतच नाही, अर्धीच ओढली जाते आणि धागा फुटतो. दमट दिवसांत हाताला घाम येतो आणि ॲक्रिलिक हुकवर अडखळायला लागतं, तेव्हा बांबूपेक्षा ॲल्युमिनियमचा गुळगुळीत हुक बरा. शिवाय मोठ्या नेढ्याची बोथट सुई, कात्री, टाक्यावर खूण करायला स्टिच मार्कर (वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा किंवा छोटी सेफ्टी पिनही चालते) आणि उशीत भरतात ते पॉलिएस्टर फायबर, मूठभर.

टाका एकच यायला हवा: मुका खांब. टाक्यात हुक घाला, लोकर ओढून घ्या, हुकवर दोन फास होतील. परत लोकर घेऊन दोन्हींतून काढा. व्हिडिओ अमेरिकन असेल तर याला सिंगल क्रोशे म्हणतील, आणि ब्रिटिश पद्धतीचा नमुना असेल तर याच टाक्याला डबल क्रोशे म्हणतील. नमुना कोणत्या पद्धतीचा आहे ते आधी बघा, नाहीतर मुक्या खांबाच्या जागी उंच खांब घातले जातात आणि बदामाची जाळी होते. 'वाढ' म्हणजे एकाच टाक्यात दोन मुके खांब. 'घट' म्हणजे दोन टाक्यांचा एक.

आता वरचा फुगा. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या लोकरीच्या फासात, ६ मुके खांब. रिंग जमत नसेल तर अडून बसू नका: २ साखळ्या घाला (हुकवरच्या फासातून लोकर एकदा ओढली की एक साखळी) आणि हुकपासूनच्या दुसऱ्या साखळीत ६ मुके खांब विणा. मधे किंचित छिद्र राहतं, ते नंतर सुईने आवळता येतं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात वाढ, १२ टाके. तिसऱ्या फेरीत एक साधा, एक वाढ, असं सहा वेळा, १८ टाके. चौथी आणि पाचवी फेरी साधी, १८ आणि १८. या दोन साध्या फेऱ्यांनीच चकती वाटीसारखी वळते. त्या गाळल्या तर बदामाचा माथा सपाट होतो. फेऱ्या बंद करायच्या नाहीत, गोल गोल चढत जायचं, म्हणून प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यावर मार्कर हवाच. ठाणे-वाशी लोकलमध्ये विणणाऱ्यांना तर आग्रहाने सांगते: ऐरोलीला सुरू केलेली फेरी घणसोलीला गर्दीत थांबवावी लागली, तर मार्करशिवाय ती कुठून सुरू झाली होती हे सापडत नाही.

तिसऱ्या फेरीनंतर थांबून एकदा बाजू तपासा. एका बाजूला प्रत्येक टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, दुसऱ्या बाजूला आडव्या दांड्या दिसतात. व्ही बाहेर हवेत. नवशिक्यांची वाटी बहुतेक वेळा उलटी वळते. उजव्या हाताने विणणाऱ्यांचा हुक तेव्हा वाटीच्या पलीकडच्या काठावर, आतल्या बाजूने चालत असतो. वाटी बोटाने पालथी केली की हुक जवळच्या काठावर, बाहेरून आत जायला लागतो. हे आत्ताच करा. जोडणीनंतर उलटं-सुलटं करायला गेलात तर एक फुगा सुलटा आणि एक उलटा असा घोळ होतो.

पहिला फुगा झाला की वीस सेंटिमीटर शेपूट ठेवून लोकर कापा आणि शेवटच्या फासातून ओढून घ्या. बंद करताना स्लिप स्टिच (लोकर टाक्यातून आणि हुकवरच्या फासातून एकदम ओढून होणारा बुटका टाका) घालू नका, कारण पुढे मोजताना तो हमखास टाका म्हणून धरला जातो. दुसरा फुगा अगदी तसाच विणा, पण कापू नका. हुक त्याच्यातच राहू द्या.

आणि आता ती जोडणीची, सहावी फेरी. दोन्ही वाट्या शेजारी धरा, तोंडं वर, व्ही बाहेर. हुक दुसऱ्या वाटीत आहे. पहिल्या वाटीची शेपूट जिथून निघते तो तिचा शेवटचा टाका. त्याच्या लगतचा पुढचा टाका शोधा, त्यात बाहेरून हुक घाला आणि मुका खांब विणा. हा पहिला टाका जरा जास्त आवळा आणि त्यावर लगेच मार्कर लावा. तिथून पहिल्या वाटीचे १८ टाके विणत शेपटीपर्यंत या. शेपटीजवळचा टाका लोकर ओढल्यामुळे आक्रसून लपलेला असतो, आणि नेमका तोच सुटतो. बोटाने काठ ताणला की तो दिसतो. अठरावा टाका तोच.

मग थेट दुसऱ्या वाटीवर उडी. तिच्या पाचव्या फेरीचा जो पहिला टाका, त्यात हुक घाला आणि तिथून १८ विणा. ही उडी मारताना दोन वाट्यांच्या मधे एक आडवा धागा ताणलेला दिसतो. तो टाक्यासारखा वाटतो, पण टाका नाही. त्यात विणलंत की संख्या ३७ होते. लपलेला टाका सोडलात की ३५. दोन्ही चुका एकदम झाल्या तर पुन्हा ३६ भरतात आणि वाटतं सगळं बरोबर आहे, पण एक फुगा १७ चा आणि दुसरा १९ चा झालेला असतो. म्हणून एकूण ३६ मोजू नका. पहिली वाटी १८, दुसरी वाटी १८, असं वेगवेगळं मोजा. टोक एका अंगाला जाण्याचं बरंचसं मूळ इथेच असतं. पुढच्या घटी समान अंतरावर असल्या तरी सुरुवातच वाकडी असेल तर टोक मधोमध येणार कसं?

भोकाचं म्हणाल तर ते प्रत्येकाला पडतं. दोन गोल काठ एका बिंदूवर टेकवले की मधे फट राहणारच, तुमच्या हाताचा त्यात दोष नाही. त्यासाठीच ती वीस सेंटिमीटर शेपूट ठेवली होती. ती बोथट सुईत ओवा आणि आतल्या बाजूने दोन्ही वाट्यांच्या काठांतून एकाआड एक तीन-चार टाके घालून ओढा. हे भरण घालण्याआधी करायचं. नंतर सुई आत पोचत नाही आणि बाहेरून शिवलं तर खाचेत गाठोडं दिसतं. भोक अजिबात पडू नये म्हणून काहीजणी दोन वाट्यांचे तीन-तीन टाके एकत्र धरून विणतात आणि पुढे ३६ ऐवजी ३० टाक्यांवर जातात. पद्धत चांगली आहे, पण पहिल्या बदामाला साधी जोडणीच करा, म्हणजे कुठला टाका कुठे जातो ते दिसतं.

खालचा भाग भराभर होतो. सातवी फेरी साधी, ३६. आठवीत चार साधे, एक घट, सहा वेळा, ३०. नववी साधी. दहावीत तीन साधे, एक घट, २४. अकरावी साधी. बारावीत दोन साधे, एक घट, १८. इथे थांबून भरायचं. तेराव्या फेरीत एक साधा, एक घट, १२. थोडं आणखी भरा. चौदावीत नुसत्या सहा घटी, ६ टाके.

घट कशी करता यावर बदामाचं रूप अवलंबून आहे. दोन टाक्यांतून नेहमीसारखा हुक घातला तर तिथे गाठ येते आणि शेजारी फट पडते. त्यापेक्षा दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे धागे एकामागून एक हुकवर घ्या, लोकर घेऊन त्या दोन्हींतून काढा, मग परत लोकर घेऊन उरलेल्या दोन फासांतून काढा. घट कुठे केली ते शोधावं लागतं, इतकी ती मिसळून जाते.

भरताना फायबर आधी बोटांनी मोकळं पिंजा. छोटे छोटे पुंजके आधी दोन्ही फुग्यांत सरकवा, हुकच्या मागच्या टोकाने कडेपर्यंत ढकला, मग मधला भाग. एकदम मोठा गोळा कोंबला तर तो मधेच अडकतो आणि फुगे पोकळ राहतात. कापूस, चिंध्या, लोकरीची कात्रणं घालू नका: कात्रणांच्या गाठी बाहेरून हाताला लागतात आणि कापूस धुतल्यावर गोळा होऊन बसतो. भरून झालं की तळहातांत बदाम दाबून चपटा करा. टाक्यांच्या मधून पांढरं दिसायला लागलं तर जास्त भरलंय, थोडं काढा.

शेवटी लोकर कापून सुईत ओवा, उरलेल्या सहाही टाक्यांच्या पुढच्या धाग्यांतून फिरवा आणि ओढा. शेपूट आतून नेऊन कुठेतरी वर बाहेर काढा आणि बदाम किंचित दाबून कापा, म्हणजे टोक आपोआप आत जातं. मात्र ही शेपूट जोरात ओढू नका. जोर लागला की खालचं टोक आत खेचलं जातं आणि तिथे खळी पडते.

या नमुन्याचा बदाम साधारण सहा-सात सेंटिमीटरचा आणि गुबगुबीत होतो, कारण घटी चहूकडे विखुरलेल्या आहेत. चपटा आणि कडा रेखीव हव्या असतील तर घटी फक्त दोन बाजूंना करा. फेरी मधल्या खाचेपासून सुरू होते, म्हणून बाजू नऊ टाक्यांवर येते: सात साधे, लागोपाठ दोन घटी, सात साधे, हेच दोनदा, ३२ टाके. पुढच्या फेऱ्यांत साधे टाके सहा, पाच, चार असे उतरत जातात, शेवटी ८ उरतात. मुका खांब किंचित उजवीकडे कलतो, त्यामुळे गोल चढणाऱ्या विणीत बाजू हळूहळू सरकते. दर दोन फेऱ्यांनी बदाम टेबलावर सपाट ठेवून कडा कुठे येते ते बघा आणि घट तिथे न्या, आकड्यांना चिकटून राहू नका.

चावीला किंवा बॅगेला लावायचा असेल तर छोटा करा: फुगे ६, १२, १२, १२, जोडल्यावर २४, मग पुन्हा २४, १८, १८, १२, १२ आणि ६. यात १८ वर एकदा भरून घ्या, १२ वर बोट जात नाही. कडी नुसत्या एका टाक्यात अडकवू नका, आठवड्यात ताणून भोक पडेल. खाचेतल्या तीन-चार टाक्यांतून लोकर दुहेरी फिरवा आणि कडी तिच्यात बांधा. लहान मुलाच्या हातात जाणार असेल तर कडी नको, मणी नको, प्लॅस्टिकचे डोळेही नकोत. डोळे-तोंड हवंच तर दोऱ्याने भरा.

धुवायचा झाला तर लाल आणि गडद रंगाच्या सुती लोकरीचा एक तुकडा आधी पांढऱ्या कापडावर ओला करून घासून बघा, रंग सुटतो का. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वरून कोरडा लागणारा बदाम आतून ओलाच असतो आणि दोन दिवसांत कुबट वास येतो. त्या दिवसांत पंख्याखाली जाळीवर ठेवा, मधे मधे उलटवा, आणि दाबून गार लागतोय तोवर डब्यात भरू नका.