खोलीत मोशन सेन्सर लावायचाय? आधी वर पंख्याकडे बघा

मोशन सेन्सर घ्यायचा म्हटलं की लोक पहिलं विचारतात रेंज किती. मला वाटतं ते सगळ्यात शेवटी विचारावं, कारण दहा बाय बाराच्या खोलीला जवळपास कुठलाही सेन्सर पुरतो. आधी बघायचं ते हे की खोलीत माणसाशिवाय अजून काय काय हलतं आणि मे महिन्यात ती खोली किती तापते.

आमचं घर अकोल्याला, खोली आजीची. रात्री ती पलंगावरून उतरली की लाइट आपोआप लागला पाहिजे, अंधारात बटण चाचपडत जायला नको, एवढंच काम. कॅमेऱ्याचा विचारच केला नाही. तिच्या खोलीत कॅमेरा लावणं मला पटतच नाही.

स्वस्तात मिळणारे दोन सेन्सर आहेत. एक आरसीडब्ल्यूएल-०५१६, हा मायक्रोवेव्हवाला, लाटा सोडतो आणि हलणाऱ्या वस्तूवरून परत आलेल्या लाटेत फरक पडला की आउटपुट देतो. प्लास्टिकच्या डब्यात लपवला तरी चालतो, पातळ भिंतीपलीकडचंही पकडतो, ऐकायला भारी वाटतं, पण आपल्याकडे डोक्यावर पंखा फिरत असतो ना! तो पंखा याला हलताना दिसतो आणि लाइट बंद व्हायचं नाव घेत नाही, शिवाय बाजूच्या खोलीत कोणी फिरलं तरी लागतो. झोपायच्या खोलीत हा नकोच.

दुसरा पीआयआर, म्हणजे एचसी-एसआर५०१, तो पांढऱ्या घुमटाचा. हा स्वतः काही सोडत नाही, अंगातून निघणारी उष्णता बघतो. घुमट म्हणजे खरं तर लेन्स, ती समोरच्या जागेचे पट्टे पाडते, आत सेन्सरचे दोन भाग असतात आणि माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की दोघांना मिळणाऱ्या उष्णतेत फरक पडतो. म्हणून समोरून आडवं गेलेलं माणूस लगेच पकडतो, सरळ त्याच्याकडे चालत आलं तर उशिरा, आणि पोथी वाचत गप्प बसलेलं तर दिसतच नाही.

आता विदर्भाचा उन्हाळा. कातडीचं तापमान साधारण ३३-३५ डिग्री, आणि मे महिन्यात रात्रीसुद्धा बंद खोलीच्या भिंती तेवढ्याच तापलेल्या असतात, मग सेन्सरला माणूस आणि भिंत जवळपास सारखंच दिसतं. गंमत म्हणजे भरदुपारी खोली ४० च्या वर गेली की परत जरा बरं चालतं कारण तेव्हा माणूस भिंतीपेक्षा थंड असतो, याला फरकाशी मतलब. त्यामुळे खोक्यावरचे सात मीटर आपल्याकडे उन्हाळ्यात धरायचेच नाहीत. कूलरच्या झोताकडे आणि पश्चिमेच्या खिडकीकडेही तोंड नको. मच्छरदाणीतूनही उष्णता कमी पोचते, म्हणून आजी मच्छरदाणीत असताना पकडायचा हट्ट सोडला.

तरी घेतला पीआयआरच, फक्त जागा बदलली. छताला नाही, पलंगाच्या पायाशी, जमिनीपासून वीतभर वर, पलंगाच्या कडेला समांतर बघेल असा. आजीने पाय खाली सोडले की ते त्याच्यासमोर आडवे येतात, अनवाणी असतात, आणि अंतर चार-पाच फूट, त्यामुळे थोडा फरकही पुरतो, मग मे असो की जानेवारी. ईएसपी८२६६ ला, म्हणजे वायफायवाल्या छोट्या बोर्डाला, जोडणार असाल तर तो बोर्ड सेन्सरला चिकटून ठेवू नका, वायफायमुळे खोटे सिग्नल येतात, वायर जरा लांब घ्या. चालू केल्यावर पहिलं मिनिटभर तो उगाच लागतो-विझतो, तेव्हा खराब आहे म्हणून परत करायला धावू नका. २३० व्होल्टचं काम मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच.

बाथरूमसाठी वेगळा हवा, तिथे माणूस बराच वेळ बसून असतं आणि पीआयआरने मधेच अंधार केला तर म्हाताऱ्या माणसाला धोक्याचं. तिथे एलडी२४१० लावा, २४ गिगाहर्ट्झचा रडार, श्वासाने छाती हलते तेवढंही पकडतो. पंख्याचा त्रास यालाही होतो पण बाथरूममध्ये पंखा नसतो, आणि असलाच तर अंतराच्या पाऊण-पाऊण मीटरच्या टप्प्यांची सेन्सिटिव्हिटी वेगवेगळी कमी करता येते. पण कोणी पडलं तर कळेल या भरवशावर यातला कुठलाच लावू नका, हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर घरातलं कोणीतरी झोपलेलं हवंच.

पीआयआरवर दोन स्क्रू असतात, एक सेन्सिटिव्हिटीचा, एक वेळेचा. वेळ चार-एक मिनिटं ठेवा, आणि जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) एच वर, म्हणजे आजी परत येताना पुन्हा हालचाल दिसली की वेळ नव्याने सुरू होते आणि ती पलंगावर नीट टेकेपर्यंत लाइट जात नाही.