तू खाली जा की जरा

आमची आत्ती बेळगावच्या वडगावात राहते. चाळीस वर्षं मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, मागाच्या खडखडाटात झोपली. आता मंगळवारी माग बंद असले की तिला जास्त भ्या वाटतं. "छातीवर कोन बसल्यागत होतंय. रातभर डोळ्याला डोळा न्हाई."

श्रावणात तिला मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं. पुण्याची नोकरी सोडून आले तेव्हा मी याच डॉक्टरांकडे जायचे. पहिल्याच दिवशी मला पाऊण तास मिळाला होता. वडील, झोप, ऑफिस, सगळं विचारलं. मीही 'अँग्झायटी', 'बर्नआउट' असं फाडफाड बोलले. लगेच समुपदेशनाला दर गुरुवारची वेळ.

आत्ती बसून पदर सावरते न सावरते तोच प्रश्न आला, तोही मला. "यांना झोप लागते का?"

"त्यांनाच विचारा की," मी म्हटलं.

"काय काम करता?"

"कांड्या भरतो बघा."

"टेन्शन घेऊ नका." दोन गोळ्या लिहिल्या, झालं. समुपदेशनाचं विचारलं तर हळूच म्हणाले, "यांना काय उपयोग? बोलता यायला पाहिजे ना." माणूस वाईट नाही, फी अर्धीच घेतली.

बोलता यायला पाहिजे! पंचमीला फेर धरला की हीच बाई आयत्या वेळी जुळवून जुळवून गाणी म्हणते.

नंतर वाचनात आलं, अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये 1950 साली समाजशास्त्रज्ञ हॉलिंग्जहेड आणि मनोविकारतज्ज्ञ रेडलिक यांनी कुठल्या वर्गाला कसले उपचार मिळतात याची मोजदाद केली होती. वरच्या वर्गाच्या वाट्याला बोलण्याचे उपचार, खालच्यांच्या वाट्याला शॉक, औषधं, नाहीतर नुसतं डांबून ठेवणं. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 18 बघा. उपचारात भेदभाव नको म्हणताना जात, धर्म यांच्यासोबत 'वर्ग' हा शब्दही त्यात आहे. कुणीतरी विचार करून घातला असणार.

धारवाडला डिमहान्स हे मनोविकारांचं सरकारी इस्पितळ आहे, पण जाऊन-येऊन दिवस मोडतो, म्हणजे हजेरी बुडाली. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे म्हटलं तर आत्ती म्हणाली, "कुठं बसून बोलू? एका खोलीत माग, दुसरीत सून."

शेवटी आमच्या गच्चीवर बसवून मीच फोन लावला, भाषा मराठी निवडली. पलीकडून बाईनं विचारलं, "काय होतंय?"

आत्तीनं फोन कानाला घट्ट धरला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तू खाली जा की जरा."