रोज एक अंडे चालेल का?

रोज एक अंडे खाल्ले तर चालेल का, हा प्रश्न मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करू लागल्यापासून सतत ऐकत आले आहे, आणि विचारणारा बदलला की त्यामागची काळजीही बदलते. पन्नाशीतल्या गृहस्थांच्या हातात नुकताच आलेला लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि चरबीच्या तपासणीचा रिपोर्ट असतो. नव्याने जिमला जाऊ लागलेल्या मुलाला किती अंडी खाल्ली म्हणजे दंड भरतील, हे हवे असते. लहान मुलाच्या आईला अंडे उष्ण पडेल का, अशी शंका असते; आणि घरातली ज्येष्ठ मंडळी खात नाहीत म्हणून गॅलरीत वेगळ्या तव्यावर ऑम्लेट करणाऱ्या सुनेला, एवढा खटाटोप करण्याइतके अंड्यात खरोखर काही आहे का, हेच जाणून घ्यायचे असते. तुम्हीही असाच रिपोर्ट हातात घेऊन हेच विचारलंत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

निरोगी प्रौढ व्यक्तीने रोज एक अख्खे अंडे, म्हणजे पिवळ्या बलकासकट, खाण्यास हरकत नाही, हे माझे उत्तर आहे. मात्र ते दिल्यावर मी लगेच उलट विचारते की, हे अंडे तुम्ही कशाच्या जागी खाणार आहात? सकाळच्या चहाबरोबरची खारी बाजूला सारून उकडलेले अंडे खाणे आणि मटणाच्या ताटात वर आणखी दोन अंडी घेणे, या दोन्हींना एकच उत्तर देता येत नाही. अंड्याबद्दलचा वाद इतका लांबला, तो बऱ्याच अंशी या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे लांबला, असे माझे मत आहे.

अंड्याची भीती शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. १९१३ साली रशियात अनिच्कोव या संशोधकांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर साचलेले दाखवले. प्रयोग महत्त्वाचा होता, परंतु ससा हा पाला खाणारा प्राणी आहे. आहारातून आलेल्या कोलेस्टेरॉलची विल्हेवाट लावण्याची सवयच त्याच्या शरीराला नसते. पुढे १९६८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने आठवड्यातून तीनपेक्षा अधिक बलक खाऊ नयेत असा सल्ला दिला, तो जगभर पसरला आणि आपल्याकडच्या डॉक्टरांच्या दोन पिढ्यांनी तो इमानेइतबारे रुग्णांपर्यंत पोहोचवला. एका अंड्यात सुमारे १८५ ते १९० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, हे खरेच आहे. मात्र रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा मोठा भाग आपले शरीरच तयार करते, आणि आहारातून ते अधिक आले की बहुतेकांचे यकृत आपली निर्मिती काही प्रमाणात आवरते. वाईट म्हटले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवण्यात त्याहून मोठा वाटा असतो तो संपृक्त स्निग्धांशाचा, म्हणजे लोणी, वनस्पती तूप, मांसाची चरबी अशा पदार्थांचा. अंड्यातल्या एकूण पाच ग्रॅम स्निग्धांशापैकी संपृक्त भाग जेमतेम दीड ग्रॅम असतो.

अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेतून दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा २०१५ च्या आवृत्तीत वगळली गेली, तेव्हा ‘आता हवी तितकी अंडी खा’ असे संदेश फिरले. ते चुकीचे होते. तिथे फक्त आकडा काढला होता. कोलेस्टेरॉल कमी खावे हा सल्ला तसाच होता. त्यानंतर २०१९ मध्ये अमेरिकेतील सुमारे २९,६०० प्रौढांच्या माहितीवर आधारलेल्या एका अभ्यासात अधिक अंडी आणि हृदयविकार यांचा संबंध आढळला, तर २०२० मध्ये दोन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून हार्वर्डच्या संशोधकांनी दिवसाला एका अंड्यापर्यंत असा संबंध दिसत नाही, असे मांडले. वर्तमानपत्रांत दोन्हींचे मथळे सारख्याच ठळक अक्षरांत आले आणि वाचणाऱ्याने कपाळाला हात लावला. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. त्यांत अंड्यासोबत बेकन, सॉसेज आणि लोणी लावलेला पाव खाणारा माणूसही येतो आणि भाजीपाल्याबरोबर अंडे खाणारा माणूसही येतो. दोघांना संख्याशास्त्राने कितीही वेगळे काढले तरी ताट पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. म्हणूनच मी रोज एक ही मर्यादा धरते, चार-पाचचा सल्ला देत नाही, आणि अमेरिकी ताटावरून काढलेला निष्कर्ष आपल्या ताटाला जसाच्या तसा लावतही नाही.

आपल्या ताटाची अडचणच निराळी आहे. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आदल्या दिवशी काय खाल्ले ते लिहून आणायला सांगते आणि बहुतेक कागदांवर सकाळी चहा-बिस्किटे, नंतर पोहे किंवा उपमा, दुपारी पोळ्या, भात आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा-खारी आणि रात्री भाकरी किंवा खिचडी, असा धान्याचा पसारा दिसतो. वरण असते, पण ते इतके पातळ की वाटीभर घेतले तरी त्यातून चार-पाच ग्रॅमच प्रथिने मिळावीत. भारतीयांसाठी ठरवलेल्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. या कागदांवरची बेरीज अनेकदा तिथपर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचली तरी तिचा मोठा भाग धान्यातून आलेला असतो, ज्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा शरीराला स्वतः बनवता न येणारा घटक, कमी असते. अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, उष्मांक सत्तरच्या आसपास असतात आणि सर्व आवश्यक अमिनो आम्ले योग्य प्रमाणात असतात. इतर प्रथिनांची प्रत मोजताना अंड्याच्या प्रथिनाला प्रमाण मानण्याची पद्धत त्यातूनच पडली. दात हलणाऱ्या, रात्री दूध-भातावर भागवणाऱ्या आजी-आजोबांसाठी मऊ उकडलेल्या किंवा भुर्जी केलेल्या अंड्याइतकी सोयीची दुसरी वस्तू मला क्वचितच सुचते.

बलक काढून टाकण्याची पद्धत मात्र मला मनापासून खटकते. अंड्यातली निम्म्याहून थोडी अधिक प्रथिने पांढऱ्या भागात असतात हे खरे, पण अ आणि ड जीवनसत्त्वे, मेंदू आणि यकृताला लागणारे कोलीन हे पोषकद्रव्य, डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी असणारी ल्युटीन आणि झियाझँथिन ही रंगद्रव्ये, हा सगळा ऐवज बलकात असतो. गर्भवतीला कोलीनची गरज वाढते, आणि नेमक्या तिच्याच ताटातला बलक सासूबाई काढून घेतात, असे मी पाहिले आहे.

अंड्याची बाजू घेताना त्याच्याकडून भलत्या अपेक्षाही ठेवू नयेत. त्यात तंतुमय पदार्थ अजिबात नाहीत आणि क जीवनसत्त्वही नाही. हिमोग्लोबिन कमी आले की मुलीला अंडी सुरू करतात. पण अंड्यात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम असते आणि तेही नीट शोषले जात नाही. तिथे लोहाच्या गोळ्या, पालेभाजी, मटकीची उसळ आणि तिच्यावर पिळलेले लिंबू अधिक कामाचे.

ब-१२ जीवनसत्त्वाबद्दलही असाच गैरसमज आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतील गर्भवती आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये ब-१२ ची कमतरता आढळली. त्यामुळे आपल्याकडे हा विषय किरकोळ नाही. एका अंड्यात सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम ब-१२ असते, गरज दिवसाला दोन मायक्रोग्रॅमहून थोडी जास्त असते, आणि अंड्यातल्या ब-१२ पैकी शरीरात शोषला जाणारा भाग दहा टक्क्यांच्याही खालीच राहतो. आठवड्यातून दोन अंडी खाणारा माणूस आपण ‘शाकाहारी नाही’ म्हणून निर्धास्त राहतो, तेव्हा मी त्याला रक्त तपासून घ्यायला सांगते. दूध-दही यांतले ब-१२ तुलनेने बरे शोषले जाते, आणि कमतरता निघालीच तर औषध घ्यावे. तिथे आहाराचा हट्ट धरू नये.

कशाच्या जागी, हा माझा प्रश्न घरापुरता नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या अखेरीस शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि ते न खाणाऱ्या मुलांसाठी केळे किंवा दुसरे फळ देण्याचा निर्णय घेतला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबवून ज्या शाळांना अंडी द्यायची असतील त्यांनी लोकसहभागातून द्यावीत, असे ठरवले. अंडे नको म्हणणाऱ्या पालकांचा आग्रह मी समजू शकते आणि कोणाच्याही मुलाला बळेबळे अंडे भरवले जाऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु केळे हा अंड्याचा पर्याय नव्हे. केळ्यात एखादा ग्रॅम प्रथिने असतात. ते चांगले फळ आहे, पण अंड्याची जागा भरायची असेल तर दूध, चिक्की, फुटाणे किंवा घट्ट उसळ हवी. आदिवासी भागातील डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतही लहान मुलांसाठी अंडी किंवा केळी अशीच जोडी ठेवलेली आहे. तिथली कुपोषणाची स्थिती पाहता, जी मुले अंडे आवडीने खातात त्यांना अंडेच मिळावे आणि जी खात नाहीत त्यांना प्रथिनांच्या तोडीचे काही मिळावे, असा आग्रह धरायला हवा. लोकसहभागावर सोडलेले अंडे सधन गावातल्या शाळेत पोहोचेल. ज्या पाड्यावर त्याची सर्वाधिक गरज आहे तिथे वर्गणी कोण काढणार?

अंड्यापेक्षा त्याची संगत अधिक बिघडवते, हे भुर्जीच्या गाडीवर उभे राहिले की कळते. दोन अंड्यांना तीन-चार पळ्या तेल, वरून लोण्याचा गोळा, तव्यावर लोण्यातच परतलेला मैद्याचा लादी पाव, आणि कांदा-टोमॅटो मात्र नावापुरता. ही चव मला आवडते आणि महिन्यातून एखाद्या वेळी ती कोणीही खावी, पण तिला ‘प्रोटीनचा नाश्ता’ म्हणू नये. गोव्यातल्या रोस ऑम्लेटचेही तसेच आहे; ऑम्लेटवर ओतलेला खोबऱ्याचा दाट रस्सा आणि सोबतचा पाव हे पूर्ण जेवणच असते, त्याला संध्याकाळचे खाणे समजून वर रात्री पुन्हा जेवू नये. घरी एक चमचा तेलात भरपूर कांदा, टोमॅटो, सिमला मिरची, कोथिंबीर घालून केलेली भुर्जी आणि ज्वारीची भाकरी, सोबत काकडी, हे माझ्या मते उत्तम रात्रीचे जेवण आहे.

गावरान अंड्यांसाठी दुप्पट-तिप्पट पैसे द्यावेत का, असेही विचारले जाते. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि बलकाचा गडदपणा तिच्या खाद्यावर; तपकिरी कवच म्हणजे अधिक पोषण नव्हे. चव आवडत असेल आणि परवडत असेल तर जरूर घ्यावीत. परवडत नसतील तर पोल्ट्रीची अंडी खाताना मनात कमीपणा आणू नये. उष्णतेबद्दल सांगायचे तर अंडे खाल्ल्याने शरीराचे तापमान वाढत नाही. मे महिन्यात ज्यांना जड वाटते त्यांनी ते सकाळी खावे. जिमच्या मुलांनी कच्ची अंडी गटागटा पिण्याचे मात्र बंद करावे. शिजवलेल्या अंड्यातली प्रथिने सुमारे नव्वद टक्के पचतात, कच्च्यातली निम्म्याच्या आसपास, शिवाय कच्च्या पांढऱ्या भागातले अ‍ॅव्हिडिन हे बायोटिन जीवनसत्त्वाला अडवते आणि साल्मोनेला जंतूंचा धोका असतो तो वेगळाच. गर्भवती, लहान मुले आणि वृद्ध यांना तर बलक घट्ट होईपर्यंत शिजवूनच अंडे द्यावे. सहा महिन्यांनंतर बाळाला वरचे अन्न सुरू करताना नीट शिजवलेले अंडे थोडे थोडे देता येते. अंगावर पुरळ, ओठांना सूज किंवा उलट्या दिसल्या तर थांबून डॉक्टरांकडे जावे.

आता ज्यांना माझे ‘रोज एक’ हे उत्तर लागू नाही, त्यांच्याविषयी. घराण्यात तरुण वयात हृदयविकाराचे झटके आले असतील आणि स्वतःचे एलडीएल फार वाढलेले असेल, तर ते आनुवंशिक कोलेस्टेरॉल विकाराचे लक्षण असू शकते. तिथे बलकाचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाने घ्यावा. मधुमेहींच्या बाबतीत संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, म्हणून मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांना मी आठवड्यातून तीन-चार बलकांपुरते थांबायला सांगते, पांढऱ्या भागाला इतकी काटेकोर मर्यादा घालत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने आणि फॉस्फरस या दोन्हींचे प्रमाण ठरलेले असते, त्यामुळे किती अंडी हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये. काही निरोगी माणसांचे कोलेस्टेरॉलही अंड्याला इतरांपेक्षा जास्त प्रतिसाद देते, आणि ते चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. म्हणून जो रिपोर्ट हातात घेऊन तुम्ही आला आहात तो जपून ठेवा, रोज एक अंडे खारीच्या जागी सुरू करा, आणि तीन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा रक्त द्या.