जठराची स्लाइड-वही, नोंद ४: अल्सर ते जिस्ट

सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइड रंगीत पेन्सिलींनी काढायच्या या वहीत जठराच्या अठरा पानांपैकी बारा रंगवून झाली. नॉर्मलची पानं मागच्या नोंदीत आली होती, पण बॉडीचं (जठराच्या मधल्या मोठ्या भागाचं) पान पुन्हा काढावं लागलं. चूक पिटच्या (अस्तरातल्या खळग्यांच्या) खोलीत होती. बॉडीत पिट म्यूकोसाच्या (आतल्या अस्तराच्या) जेमतेम पाव जाडीपर्यंत उतरतात, त्याखाली सरळ ग्रंथी दाटीवाटीने उभ्या असतात. अँट्रममध्ये (जठराच्या शेवटच्या भागात) पिट जवळजवळ निम्म्यापर्यंत जातात, ग्रंथी वळणदार आणि फिकट. दोन्ही पानांवर पिट एकाच मापाचे निघाले की पुढचं सगळं डळमळतं, कारण जठरात आजाराचं नाव ठरवण्याआधी जागा ठरवावी लागते.

रंगाचा क्रम: आधी गुलाबी, हलक्या हाताने, सगळ्या पेशीद्रव्यावर, जांभळा नंतर. उलट केलं तर गुलाबी पेन्सिल जांभळं मेण ओढत नेते आणि केंद्रकांच्या कडा फरफटतात. आम्ल बनवणाऱ्या पराएटल पेशींना गुलाबीचा दुसरा हात, एन्झाइम बनवणाऱ्या चीफ पेशींच्या तळाला जांभळी छटा. एवढ्यावर बॉडी ओळखू येते.

ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिसच्या पानाने सर्वात जास्त वेळ खाल्ला. इथे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने पराएटल पेशी नष्ट होतात, त्यांच्या जागी पायलोरिक मेटाप्लेझिया (एका पेशींच्या जागी दुसऱ्या प्रकारच्या, इथे अँट्रमसारख्या) येतो, आणि बाटलीवर ‘बॉडी’ लिहिलेली बायॉप्सी हुबेहूब अँट्रमसारखी दिसते. बाटल्यांची अदलाबदल झाली असं वाटतं. गॅस्ट्रिन या हार्मोनचा स्टेन (रंग) लावला की उलगडा होतो: खऱ्या अँट्रममध्ये गॅस्ट्रिन बनवणाऱ्या जी-पेशी रंगतात, मेटाप्लेझियात त्या नसतातच. चित्रात ही गोष्ट दाखवायला शेजारी एक छोटी पट्टी ठेवा, तपकिरी ठिपके असलेली आणि नसलेली. याच कारणाने सिडनी पद्धतीच्या, म्हणजे ठरलेल्या जागांवरून घ्यायच्या, पाच बायॉप्सी (अँट्रमच्या दोन, इन्सिझुराची म्हणजे दोन्हींमधल्या वळणाची एक, बॉडीच्या दोन) वेगवेगळ्या बाटल्यांत हव्यात. एकाच बाटलीत टाकल्या की नकाशा हातचा गेला.

एच. पायलोरी या जठरातल्या जंतूचं पान सोपं वाटतं आणि तिथेच फसायला होतं. जंतू अडीच ते पाच मायक्रॉन लांब. शेजारी लाल पेशी काढली तर ती साधारण सात मायक्रॉनची, म्हणजे जंतू तिच्याहून लांब काढायचा नाही. तो पृष्ठभागावरच्या म्यूकसमध्ये आणि पिटच्या तोंडाशी दाखवा, गॉब्लेट पेशींच्या (आतड्यासारख्या) मेटाप्लेझियात नको. तिथे तो सहसा राहत नाही. पीपीआय (आम्ल कमी करणारं औषध) चालू असेल तर अँट्रम रिकामं आणि जंतू बॉडीत, असंही दिसतं.

पेप्टिक अल्सरचं पान काढताना पहिली रेघ मस्क्युलॅरिस म्यूकोसीची (म्यूकोसाच्या तळाच्या पातळ स्नायूथराची) ओढायची. खड्डा ती पार करत नसेल तर तो इरोजन, अल्सर नव्हे. तळाचे थर वरून खाली: नेक्रोसिसचा (मेलेल्या पेशींचा) कचरा, न्यूट्रोफिल्सचा (पांढऱ्या पेशींचा) थर, ग्रॅन्युलेशन टिश्यू (जखम भरणारी नवी ऊती), वण. कडेच्या ग्रंथींवर मात्र जपून. त्या भरून येत असतात, केंद्रकं मोठी, मायटोसिस (पेशीविभाजन) भरपूर, आणि डिसप्लेझिया (कॅन्सरपूर्व बदल) म्हणायचा मोह होतो. वर पाहा: पृष्ठभागाकडे जाताना पेशी शहाण्या (नॉर्मलसारख्या) होत असतील तर ती दुरुस्ती.

कॅन्सरची पानं लॉरेनच्या १९६५च्या विभागणीप्रमाणे दोन. इंटेस्टायनल प्रकार पटकन होतो, पाठीला पाठ लावलेल्या ग्रंथी. डिफ्यूज प्रकाराने रडवलं. पहिल्या प्रयत्नात सगळ्या पेशी सुबक अंगठ्या (म्यूसिनच्या, म्हणजे म्यूकसच्या, थेंबाने केंद्रक कडेला ढकललेल्या पेशी) झाल्या, आणि चित्र खोटं दिसू लागलं. प्रत्यक्षात कित्येक पेशींत म्यूसिनचा थेंबच नसतो. त्या एकेकट्या विखुरलेल्या, लिम्फोसाइट किंवा प्लाझ्मा पेशींत सहज लपतात. साधारण तिसरा हिस्सा अंगठ्या ठेवल्या की चित्र पटतं. फेसाळ मॅक्रोफेजचं (भक्षक पेशींचं) जोडचित्र शेजारी हवंच: त्यांचं केंद्रक मधोमध आणि निरुपद्रवी, केराटिनचा स्टेन निगेटिव्ह, सीडी ६८ चा पॉझिटिव्ह. लिनायटिस प्लास्टिकात (जठराची भिंत कडक करणाऱ्या डिफ्यूज कॅन्सरात) ट्यूमर बराचसा म्यूकोसाच्या खाली पसरलेला असतो, म्हणून वरवरची बायॉप्सी नॉर्मल येऊ शकते. पानावर बायॉप्सीची खोली तुटक रेघेने दाखवली तर हे एका नजरेत कळतं.

जिस्टच्या (पचनमार्गाच्या भिंतीतल्या एका ट्यूमरच्या) पानावर चित्रापेक्षा हिशेब महत्त्वाचा. स्पिंडल (लांबट) पेशी, सीडी ११७ आणि डॉग १ हे स्टेन पॉझिटिव्ह, हे सगळे लिहितात. मायटोसिस मोजताना घोळ होतो. मोजायचं असतं ५ चौरस मिलिमीटरमध्ये. जुन्या टिपणांतली ‘५० फील्ड’ (सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारी वर्तुळं) अरुंद आयपीसच्या (डोळ्याकडच्या भिंगाच्या) काळातली. आयपीसवर कोरलेला फील्ड नंबर ४० ने (४०x ऑब्जेक्टिव्ह असेल तर) भागा, व्यास मिळतो. नंबर २२ असेल तर ०.५५ मिलिमीटर, क्षेत्रफळ सुमारे ०.२४, म्हणजे २१ फील्ड पुरतात. नंबर १८ असेल तर सुमारे ३१. नंबर २२ च्या आयपीसने पन्नास मोजली तर दुपटीहून जास्त जागा पाहिली जाते आणि आकडा फुगतो. इथेही जागा आडवी येतेच: तेवढ्याच आकाराचा आणि तेवढ्याच मायटोसिसचा ५ सेंटिमीटरहून मोठा जिस्ट लहान आतड्यात जठरातल्यापेक्षा जास्त धोक्याचा.

माल्ट लिम्फोमाचं (अस्तरातल्या लिम्फोसाइटच्या कॅन्सरचं) पान कामचलाऊ झालंय. लिम्फोएपिथेलियल लीजन, म्हणजे ग्रंथीत घुसून तिला उद्ध्वस्त करणाऱ्या पेशी, नीट उतरल्या नाहीत. ग्रंथीची तुटकी कड आधी पेन्सिलीने काढून मग पेशी भरायला हव्या होत्या. बाजूला टीप: ११;१८ ट्रान्सलोकेशन (गुणसूत्र ११ आणि १८ मधली तुकड्यांची अदलाबदल) असेल तर एच. पायलोरी मारूनही हा लिम्फोमा बहुधा विरघळत नाही.

राहिलेली सहा: न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या) ट्यूमरचे तीन प्रकार, फंडिक ग्लँड पॉलिप, हायपरप्लास्टिक पॉलिप आणि मेनेट्रिए (अस्तराच्या घड्या जाड होणारा आजार). न्यूरोएंडोक्राइनचा पहिला प्रकार ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिसच्या समोरच्या पानावर येईल, म्हणून ते पान कोरं सोडलंय.